परकराच्या खिशातली पक्कड

माझ्या परकराला उजव्या बाजूला आतून शिवलेला एक खिसा आहे आणि त्या खिशात दिवसभर एक पक्कड असते. झोपताना ती उशीखाली जाते. आळीतल्या बायकांना हे कळलं तेव्हा एकीने विचारलं, "बाई, पेन्शन पुरत नाय का? नळदुरुस्ती सुरू केलीत?" मीही हसले. खरं कारण सांगितलं असतं तर तिचं हसू मावळलं असतं. खरं कारण भीती हे आहे, आणि ते सांगायची मला लाज वाटते, कारण एकतीस वर्षं मी शाळेत मुलांना "त्यात घाबरायचं काय?" असं दटावत आले.

मी मुळातलीच भित्री. लग्न होऊन चौलला आले तेव्हा घरामागच्या वाडीतल्या विहिरीवर एकटी जायला कचरायचे. वारा सुटला की सुपारीची झाडं कुरकुरतात, तो आवाज मला मागून कोणी चालत आल्यासारखा वाटायचा. आमचे हे म्हणायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तू मागं बघू नको, तोच कंटाळून जाईल." हे वाडीतच वाढलेले. साठी उलटली तरी सुपारी उतरवायला दुसरा माणूस बोलवायचे नाहीत, स्वतः चढायचे, आणि मी खाली उभी राहून देवाचं नाव घ्यायचे.

तीन वर्षांपूर्वी ह्यांना दम लागायला लागला. आधी विहिरीपर्यंत जाताना, मग पडवीतून न्हाणीपर्यंत, मग नुसता सदरा घालताना. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, फुप्फुसं आतून कडक होत चाललीत. वाळलेल्या घोसाळ्यासारखी, असं मी मनाशी समजून घेतलं. तेव्हापासून ह्यांच्या पलंगाशेजारी एक मशीन आहे. ते खोलीतल्या हवेतून प्राणवायू काढतं आणि नळीने ह्यांच्या नाकात सोडतं. मशीनवर एक हिरवा दिवा आहे. मी हे लिहिते आहे तेव्हाही ते शेजारच्या खोलीत घरघरतं आहे. त्या घरघरीला मी आता इतकी सरावले आहे की ती थांबली तरच ऐकू येते.

आणि ती थांबते, कारण मशीन विजेवर चालतं. आमच्याकडे वीज जायला निमित्त लागत नाही. वाऱ्याने एक झावळी तारेवर पडली की अख्खी आळी बंद. डॉक्टरांनी म्हणून प्राणवायूचा एक मोठा सिलिंडर घरात ठेवायला सांगितला. लाईट गेली की तो उघडायचा आणि मशीनची नळी काढून त्याला जोडायची. "किती वेळात जोडायला हवी?" असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पाचेक मिनिटं निघतील. त्यापुढचं मला विचारू नका." मी पुढचं विचारलं नाही, पण ती पाच मिनिटं तेव्हापासून माझ्या डोक्यात बसली. लाईट जाणं आणि मी सिलिंडर उघडणं, यांच्यामध्ये ह्यांचा जीव टांगलेला असतो. दुसरं काही काम मला आता खरं काम वाटत नाही.

सिलिंडर माझ्या छातीएवढा उंच. त्याच्या डोक्यावर बोटाएवढी एक चौकोनी खुंटी असते, ती फिरवली की तो उघडतो. खाली बाजूला त्याचं मीटर लावलेलं, ते एका मोठ्या नटाने आवळलेलं असतं. दोन्हींसाठी मिळून एक लोखंडी चावी येते. ती चावी हरवू नये म्हणून मी एक शहाणपणा केला. शाळेत मी डस्टर सुतळीने फळ्याच्या खिळ्याला बांधून ठेवायचे, म्हणजे कोणी पळवायला नको. त्याच हुशारीने मी चावी सुतळीने सिलिंडरच्या गळ्याला बांधली. छान दोन गाठी मारल्या.

महिन्याने सिलिंडर संपला. गाडीवाला आला, भरलेला ठेवला, त्याचं मीटर बसवून दिलं आणि रिकामा उचलून घेऊन गेला. गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला तेव्हा माझी नजर नव्या सिलिंडरच्या गळ्याकडे गेली. तिथे सुतळी नव्हती.  मी फोन केला. तो म्हणाला, "बाई, मी पूल ओलांडून पार पुढं आलोय. येतो परत, पण अर्धा-पाऊण तास लागंल."

त्या पाऊण तासात काहीच झालं नाही. लाईट गेली नाही. ह्यांनी पेपर वाचला, अर्धा कप चहा घेतला. मी समोरच्या खुर्चीवर बसून मशीनच्या हिरव्या दिव्याकडे बघत होते. पापणी मिटली तर दिवा विझेल असं वाटत होतं. बाहेर वाऱ्याने माड हलला की मी खुर्चीचा हात घट्ट धरायचे. ह्यांनी विचारलं, "काय बघतेस एवढं?" मी म्हटलं, "काही नाही, धूळ बसलीये त्याच्यावर." गाडीवाला चावी घेऊन आला तेव्हा मला उठून उभं राहता येईना, पायांत मुंग्या आल्या होत्या.

चावी मिळाली, पण तिच्यावरचा माझा विश्वास गेला. त्यात ती ओतीव, स्वस्तातली. दोन महिन्यांत तिचं तोंड झिजलं आणि खुंटीवर ती नुसती गरगर फिरायला लागली. दुसरी मागितली तर "पुढच्या खेपेला आणतो" असं उत्तर. मग मी ठरवलं की आपलं स्वतःचं हत्यार हवं, आणि ते घरात नको, अंगावर हवं. घरात नको याचं कारण आमच्या आळीची रीत. इथे खिळ्याला टांगलेलं हत्यार साऱ्या आळीचं असतं. कोयता असो की करवत, शेजारचा माणूस येतो, "नेतो हं," म्हणतो आणि घेऊन जातो; आपणही त्याचं तसंच आणतो. वाईट कोणाच्याच मनात नसतं. पण नेलेली वस्तू ज्या दिवशी परत येते तो दिवस आपल्या सोयीचा असतोच असं नाही.

आधी घरी माप घेतलं. कागदाची पट्टी नटाला गुंडाळली, जशी आपण बांगड्यांच्या मापाला मुठीभोवती गुंडाळतो, आणि पेनने खूण केली. खुंटीचंही तसंच घेतलं. दोन पट्ट्या पाकिटात घालून रेवदंड्याच्या बाजारात गेले. शेजारीणबाईंना ह्यांच्याजवळ बसवलं होतं आणि तासाभरात परत येते म्हणून सांगितलं होतं. रिक्षात बसल्याबसल्याच तो तास सरत चालल्यासारखा वाटायला लागला.

हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर म्हातारे गुजराती शेठ होते. त्यांनी आधी साधी पक्कड पुढे केली. तिचं तोंड खुंटीला पुरेल, पण नटाला नाही. मग त्यांनी स्क्रू-पाना काढला. त्याचं तोंड हवं तेवढं मोठं होतं, मात्र त्यासाठी अंगठ्याने एक बारीक चाक फिरवत बसावं लागतं. मला पाना पसंत पडत आला होता. मग मनात आलं, दुकानात हात थरथरत नाहीत, तिथे थरथरतील. म्हणून मी तिथेच डोळे मिटले, लाईट गेलीय असं समजले आणि चाक फिरवायला घेतलं. अंगठा उलटीकडे फिरला आणि तोंड उघडायच्या ऐवजी मिटलं. डोळे उघडले तर शेठ आणि पंपाचा व्हॉल्व्ह घ्यायला आलेला एक माणूस, दोघेही माझ्याकडे बघत होते.

"बेन, तब्येत बरी हाय ना?" शेठनी विचारलं.

"बरी आहे. दुसरं दाखवा."

त्यांनी एक हातभर लांबीची पक्कड काढली, पाईपवाल्यांची. पकड जबरदस्त. उचलून पाहिली आणि मनात म्हटलं, ही खिशात ठेवली तर चारचौघांत परकर खाली येईल. तेवढ्या भीतीतही मला हसू आलं. शेवटी शेठनी मागच्या फळीवरच्या पुठ्ठ्याच्या डब्यातून एक छोटी पक्कड काढली. लांबीला माझ्या तळहाताएवढी, मुठी लाल रबराच्या. तिच्या सांध्यावर एक बटण होतं. ते दाबलं की खालचा जबडा खाचांवरून सरकायचा, आणि सोडलं की तिथेच घट्ट बसायचा. आवळताना निसटत नव्हता. मी पट्ट्या काढल्या. मोठं माप कसंबसं बसत होतं, पण बसत होतं. लहान माप तर चपखल. मग मी डोळे मिटून पाच वेळा करून पाहिलं. बटण दाबायचं, सरकवायचं, सोडायचं. पाचही वेळा ती माझ्याआधी तयार होती.

पंपवाला माणूस वैतागून म्हणाला, "मावशी, नवरदेव बघताय की पक्कड?"

"नवरदेव बघताना एवढं बघितलं नव्हतं," मी म्हटलं. शेठ खो खो हसले. पक्कड कागदात गुंडाळून देताना म्हणाले, "बेन, घरी जाऊन खोबरेल लगाडजो. दरियानी हवा छे, आठ दिवसांत गंज पकडते."

ते त्यांनी सांगायची गरज नव्हती, इथे सगळेच ते करतात. आमच्या किनाऱ्यावर लोखंडाला कोरडं ठेवत नाहीत. बिजागऱ्या, कुलपं, कोयता, विळी, शिवणयंत्र, सगळ्याला खोबरेलाचं बोट. आमच्या घरचं तेल घरच्याच नारळांचं, त्यामुळे हात सढळ. मी घरी आल्याआल्या ताज्या तेलाने पक्कड चकचकीत पुसली. रात्री जुन्या परकराला आतून जाड मांजरपाटाचा खिसा शिवला, दुहेरी टीप मारून. दोन दिवस मांडीला कडक लागली. तिसऱ्या दिवशी नसली तरच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

पुढच्या तीन आठवड्यांत दोनदा लाईट गेली. दोन्ही वेळा मी मिनिटभरात सिलिंडर उघडला. हे पलंगावरून कौतुकाने बघत होते. "मास्तरीणबाई, एस्टी डेपोत नोकरी लागंल तुला," म्हणाले. मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी एक अख्खी रात्र झोपले.

मग गाडीवाला पुढचा सिलिंडर घेऊन आला. तिशीतला, खटपट्या मनुष्य. मीटर बसवताना त्याचा पाना गाडीत राहिला होता, म्हणून मी ऐटीत खिशातून पक्कड काढली आणि नटाला लावायला वाकले. त्याने माझं मनगटच धरलं.

"बाई! तेल हाय काय ह्याला?"

"थोडं. खोबरेल आहे."

त्याने पक्कड माझ्या हातातून काढून घेतली, मला अंगणात नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. "ह्याच्या आत भरलाय तो साधा वारा न्हाय. तेल लागलं ना ह्या तोंडाला, तर काडी न लावता भडका उडतो. तेल न्हाय, ग्रीस न्हाय, तेलकट हातसुदा न्हाय चालत. आमच्यातल्या एकाचा हात कोपरापर्यंत भाजलाय. तुम्हाला कोणी सांगितलं न्हाय?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे ते आधीचे दोन प्रसंग आले. मी, तेलाने चमकणारी पक्कड, आणि दोन हातांवर पलंगावर कौतुकाने बघणारे हे. मी अंगणातल्या पायरीवर बसले. काही झालं नव्हतं, पण झालं नाही यात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं. "आत ह्यांना बोलू नका," एवढं मात्र मी त्याला आठवणीने सांगितलं.

ह्यांना का सांगितलं नाही? त्या आठवड्यात त्यांना नुकती जरा झोप लागायला लागली होती. ज्याच्या उशाशी सिलिंडर उभा आहे त्याला, तो पेटतो, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? वाटलं, एका घरात घाबरायला एक माणूस पुरे. तो नंबर माझा होताच. मी ती गोष्ट पोटात ठेवली आणि एकटीने पहारा सुरू केला.

पक्कड राखेने घासली, साबणाने धुतली, उन्हात वाळवली. देवापुढचा दिवा ह्यांच्या खोलीतून पडवीतल्या कोनाड्यात नेला. ह्यांना सांगितलं की काजळीने भिंत काळी होते. माझ्या डोक्याला तेल लावणं बंद केलं. ह्यांच्याही. "डॉक्टर म्हणाले सर्दी होते." माझे केस झाडूसारखे राठ झाले. शेजारीण म्हणाली, बाई, आजारी माणसाची सेवा करता, पण स्वतःकडे बघा जरा. फोडणी घातली की मी हात दोनदा धुवायचे, पुसायचे, आणि मगच खोलीत पाऊल टाकायचे. हे बघत असायचे. एकदा म्हणाले, "सोवळं कधीपासून पाळायला लागलीस?" मी म्हटलं, "म्हातारपणी सुचतं." त्यांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांना आत कुठेतरी लागलं असावं. बायको आपल्या खोलीत येण्याआधी दोनदा हात धुते, म्हणजे तिला आपली किळस येते असाच अर्थ माणूस काढेल हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. भीतीने मला आंधळं केलं होतं.

खाऱ्या हवेने मात्र पक्कड धरली. महिनाभरात सांध्यापाशी तांबूस ठिपके आले, मग त्यांची खपली झाली. मी ठिपके घासायचे, ते परत यायचे. ह्यांना ते बघवेना. आयुष्यभर ज्यांनी कोयत्याला कधी गंज चढू दिला नाही, त्या माणसाच्या डोळ्यांसमोर रोज गंजकी पक्कड.

"हत्यार असं ठेवतात व्हय?" ते म्हणायचे. "जरा खोबरेल लाव."

"असू दे."

"अगं, सांधा धरंल त्याचा. आन इकडं, मी लावतो."

"नको म्हटलं ना! हात नका लावू तिला." मी इतक्या जोरात ओरडायचे की मलाच नवल वाटायचं.  चार दिवसांनी पुन्हा तोच विषय.

तो दिवस माघातला होता. थंडी ओसरलेली, आभाळ स्वच्छ. सकाळी आंघोळीला जाताना पक्कड ह्यांच्या उशाशी ठेवली होती, आंघोळ करून आले आणि ती बदललेल्या परकराच्या खिशात टाकली. नीट बघितली नाही. दुपारी बाराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते. घरघर थांबली. लगेच मशीनची, वीज गेली की वाजणारी, बारीक शिट्टी सुरू झाली. ताट तिथेच टाकून मी धावले.

हात आता सरावले होते. धावतानाच खिशातून पक्कड काढली, बटण दाबलं, जबडा सरकवला. आज तो फार सहज सरकला. खुंटीला लावली आणि फिरवली. निसटली. परत लावली, परत निसटली. तळहात बुळबुळीत लागला. उजेडात धरून बघितला तर चकाकत होता. मग वास आला. ताज्या खोबरेलाचा.

 हात सिलिंडरवर, हातात तेलाची पक्कड, आणि खुंटीलाही आता तेल लागलेलं. मी हात असा मागे ओढला की तो भिंतीवर आपटला. हे उशीला टेकून बसले होते. अजून शांत होते. त्यांनी मानेने विचारलं, काय झालं?

झिजलेली चावी खिळ्याला होती. ती लावून बघितली, नुसतीच फिरली. क्षणभर वाटलं, शेजाऱ्यांकडून आणावी पक्कड. आणि लगेच कळलं की त्याचा उपयोग नाही. या अख्ख्या आळीत, या अख्ख्या किनाऱ्यावर, कोरडं हत्यार कोणाच्या घरात मिळणार होतं?

मी न्हाणीकडे पळाले. मागून ह्यांचा आवाज आला, तुटक, "अगं... कुठं..." कपड्याची पावडर मूठभर घेतली, पक्कड घासली, हात घासले. चुलीतली राख लावली, पुन्हा घासली. पंच्याने कोरडी केली आणि नाकाशी धरली. अजून वास येत होता. सांध्याच्या आत तेल मुरलं होतं.

त्या क्षणाइतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. दारातून ह्यांचा पलंग दिसत होता. ते पुढे वाकले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर-खाली होत होते. बोटाला लावलेल्या, रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रावर आकडा उतरत होता. एवढ्या लांबून दिसत नव्हता, पण त्यांच्या ओठांचा रंग दिसत होता. माझ्या हातात पक्कड होती. त्यांना वाटलं असणार, ही येतेय. आणि मी त्यांच्याकडे पाठ केली आणि दुसऱ्यांदा धुवायला गेले.

किती वेळ गेला माहीत नाही. चहाचं उकळतं पाणी चुलीवर होतं, ते सांध्यावर ओतलं. पावडर, पुन्हा पाणी, कोरडा पंचा. वास घेतला. साबणाचा आला. मग ओला साबणाचा फडका आणि एक कोरडा घेऊन आत आले. खुंटी पुसली, पुन्हा पुसली, कोरडी केली. ह्यांनी माझा पदर धरला. त्यांच्या डोळ्यांत राग होता. इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्यावर तसं रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की ते गुदमरताहेत आणि बायको भांडी घासल्यासारखी लोखंड घासते आहे.

मी पदर सोडवला. सिलिंडर आणि पलंग यांच्यामध्ये उभी राहिले, पाठ ह्यांच्याकडे, म्हणजे काही झालंच तर आधी माझ्यावर यावं. तोंड वळवलं, डोळे मिटले आणि खुंटी हळूहळू फिरवली.

फुस्स असा आवाज आला. बस, तेवढाच.

नळी जोडली. ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बराच वेळ ते मान खाली घालून श्वास घेत होते. ओठांचा रंग परत आला, बोटावरचा आकडा चढायला लागला.  मी खाली जमिनीवर बसले ती चार वाजता लाईट येईपर्यंत उठले नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं. मी चहा केला. ह्यांनी दोन घोट घेतले, तेव्हा मी विचारलं, "तेल कोणी लावलं?"

"मी लावलं. सकाळी तू न्हाणीत गेलतीस तवा. भिंत धरत गेलो न् कोनाड्यातल्या दिव्याजवळची खोबरेलाची बाटली आनली."

मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. गाडीवाल्याने धरलेलं मनगट, काडी न लावता उडणारा भडका, दिवा पडवीत का गेला, केसांना तेल का नाही, हात दोनदा का धुते. बोलताना माझा आवाज चढत गेला. "किती वेळा सांगितलं होतं, हात लावू नका म्हणून! आज काय झालं असतं?"

ते ऐकत राहिले. मध्ये एकदाच म्हणाले, "म्हंजे हात तू त्याच्यासाठी धुत होतीस?" आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओझं उतरल्यासारखं मला दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण तुम्ही का लावलंत?" मी विचारलं. "मी एवढी ओरडत होते तरी?"

त्यांना एका दमात बोलता येत नाही. थांबत थांबत बोलले. "सांधा धरत चालला होता त्याचा. म्हनलं, मी हाय तंवर लावून ठेवावं. तू काय मागनं लावायची न्हायस." श्वास घेतला. "मी गेल्यावर विहिरीवरच्या पंपाचा नट कोन सोडवनार? तुलाच सोडवायचा हाय. वाडी सुकंल. तेव्हा हातात धड हत्यार पायजे."

इतके दिवस मला वाटत होतं की या घरात घाबरणारी मी एकटीच आहे. ते तिथे पडल्यापडल्या माझी काळजी करत होते, ते नसलेल्या घरात मी कशी राहीन याची.

"तो नट उलट्या आट्याचा हाय, उजवीकडं फिरवला की सुटतो," ते म्हणाले. "सांगून ठेवतो तुला."

"मला नाही शिकायचं," मी म्हटलं आणि पलंगाच्या कडेला बसून रडले. ह्यांचं दुखणं सुरू झाल्यापासून त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. 

मग त्यांनी माझ्या राठ केसांवर हात ठेवला.

"झालं?" ते म्हणाले. "आता ऐक. आदी मेन स्विच बंद करायचा."